सातशे ऐंशी ग्रॅमचं पाप

नवजात बाळांच्या वॉर्डात तिला सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. मोठ्या म्हणजे अंगाने नव्हे, अंगाने ती काडीपैलवानच होती. एकाच वॉर्डात एकतीस वर्षं काढली म्हणून मोठ्या. डॉक्टर बदलले, यंत्रं बदलली, भिंतींचा रंग चारदा बदलला, ही आपली तिथेच. नवी नर्स कामावर आली की पहिल्या दिवशी ती तिचा हात आपल्या गालाला लावून बघायची. गार लागला तर म्हणायची, "जा, गरम पाण्याखाली धर. ही पोरं अजून पोटातच आहेत असं समजायचं. पोटात कोणी गार हात घालतं का?" पोरी पाठीमागे तिची नक्कल करायच्या, पण हात गरम करूनच आत यायच्या.

तिचं आणखी एक काम होतं, ते ड्यूटीच्या तक्त्यावर नव्हतं. एखादं बाळ हाती लागत नाही असं दिसलं आणि आईबाप चर्चला जाणारे असले, की ती आईच्या खाटेवर टेकायची आणि हळूच विचारायची, "पाणी घालू का?" फादरांना निरोप जाऊन ते येईपर्यंत असलं बाळ थांबत नाही. अशा वेळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, चर्चच तसं सांगतं. पाणी हवं, पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव हवं, आणि देणाऱ्याचं मन त्यात हवं. आई हो म्हणाली की सिस्टर औषधांच्या कपाटातून शुद्ध पाण्याची छोटी काचेची कुपी काढायची, पाच मिनिटं मुठीत धरून तिला ऊब द्यायची आणि बाळाच्या कपाळावर तीन थेंब सोडायची. आई नाही म्हणाली तर "बरं" म्हणून उठायची. असं एकतीस वर्षांत दोनदा झालं. दोन्ही वेळा तिने घरी जाऊन उपास केला, पण न विचारता थेंब घातला नाही. हो किंवा नाही म्हणायची मोकळीक देवाने माणसाला दिली, ती काढून घेणारी मी कोण, असं ती म्हणायची. दुसऱ्याच्या पोरांबद्दल असं म्हणणं फारसं जड जात नाही.

या सगळ्याच्या मुळाशी होता तिचा पहिला मुलगा. ती विशीत असताना तो घरातच झाला आणि तासाभरात गेला. त्या तासात घरातल्या सगळ्यांची पाचावर धारण बसली होती. कोणी गरम कपडे आणत होतं, कोणी रडत होतं, पाण्याचं कोणालाच सुचलं नाही. तेव्हाचे म्हातारे फादर नियमाचे पक्के. बाप्तिस्मा नाही म्हणजे आदिपाप धुतलेलं नाही, आणि पाप धुतलेलं नाही म्हणजे कबरस्तानाच्या कुंपणाच्या आत जागा नाही. पोराला कुंपणाबाहेर पुरलं. आता हे पाप त्याने केलेलं नव्हतं. माणसांच्या पहिल्या जोडप्याने देवाचा शब्द मोडला, आणि तेव्हापासून ते सगळ्यांच्या वाट्याला जन्माबरोबरच येतं, असं तिला लहानपणी शिकवलेलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं. तासाभराच्या पोराला कशाची शिक्षा, हा प्रश्न तिने कधी कोणाला विचारला नाही. विचारला असता तर तिला वेड लागलं असतं. त्यापेक्षा कुपी घेऊन तयारीत राहणं तिला सोपं वाटलं.

नंतर एक मुलगी झाली, एकुलती एक. ती दुकानांच्या पाट्या रंगवायची. अक्षर असं सुरेख की लोक पाटी वाचून दुकानात शिरत आणि माल बघून परत फिरत. सोळाव्या वर्षी तिने चर्च सोडलं, तेही न भांडता. "मला हे पटत नाही, आई," एवढंच म्हणाली. सिस्टरने चार दिवस अबोला धरला, पाचव्या दिवशी तिलाच तो सोसवेना. मग दोघींत एक न बोललेला तह झाला. आई जेवणाआधी डोळे मिटायची, मुलगी तोवर वाढून घ्यायची.

तर ही मुलगी लग्नानंतर, पोटुशी असताना सहाव्या महिन्यात शिडीवर चढून एका औषधाच्या दुकानाची पाटी रंगवत होती आणि तिथेच तिला पहिली कळ आली. संध्याकाळपर्यंत बाळ झालं. मुलगी, वजन सातशे ऐंशी ग्रॅम. तळहातावर मावेल एवढा जीव, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा मोजून घ्याव्यात. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई सिस्टरला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मोठ्या सिस्टर, या पेटीला तुम्ही हात लावायचा नाही. घरचं बाळ असलं की हात चुकतो. तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

सिस्टरने मान डोलावली. नियम खरंच तिचाच होता.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "निम्मं निम्मं धरा." एकतीस वर्षांत निम्म्याचं काय होतं ते सिस्टरने पुष्कळ पाहिलं होतं. ती मुलीच्या खाटेवर जाऊन टेकली. जावई कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या बसल्याच झोपला होता.

"पाणी घालू का?" तिने विचारलं.

मुलीने तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न तिला लहानपणापासून ठाऊक होता, घरात जेवताना त्याच्या गोष्टी निघायच्या. "हे तू त्यांनाच विचारतेस ना, ज्यांची वाचणार नसतात?"

"तसं नाही गं. आपलं असावं म्हणून."

"आई, सातशे ऐंशी ग्रॅमची आहे ती. तेवढ्यात पाप मावतं कुठे? फुप्फुसं अजून पुरी झालेली नाहीत म्हणे, आणि पाप तेवढं तयार?"

"तिचं नाही ते. आपलं सगळ्यांचं आहे."

"मग तुझं तू धू, माझं मी बघते. तिला कशाला लावता?" मुलीचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "मोठी झाली आणि तिला वाटलं तर ती स्वतः घेईल. मी आडवी येणार नाही. पण तिचं तिने ठरवायचं."

"आणि मोठी झालीच नाही तर?"

सिस्टरने जीभ चावली, पण शब्द गेला तो गेला. मुलगी भिंतीकडे वळली. तिकडेच बघत म्हणाली, "माझं उत्तर नाही असं आहे. तू विचारून करतेस ना? मग ऐक."

सिस्टर तिथून उठली ती थेट चर्चमध्ये. आताचे फादर तिच्या मुलीपेक्षा पाचसहा वर्षांनी मोठे, भला माणूस. शिडीवर उभे राहून भिंतीवरचा बिघडलेला पंखा पुसत होते. तिचं सगळं ऐकेपर्यंत त्यांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"बाप्तिस्मा न झालेलं मूल देवापासून दूर राहतं, असं आता आपण ठामपणे म्हणत नाही, सिस्टर," ते म्हणाले. "त्याला आपण देवाच्या दयेवर सोपवतो. आशा ठेवतो."

"आशा?" सिस्टर म्हणाली. "कुंपणाबाहेर पुरताना मला पक्की खात्री दिली होती तुमच्या चर्चने. आता माझ्या नातीच्या वेळी नुसती आशा?"

"त्या वेळी आपलं चुकलं असेल."

"मग आत्ताही चुकत असेल."

मुलीच्या इच्छेविरुद्ध काही करू नका, एवढं फादरांनी सांगितलं, दोनदा सांगितलं. सिस्टर हो हो करत बाहेर पडली. भीतीला शहाणपणाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि सिस्टरच्या पोटातली भीती पस्तीस वर्षं मुरलेली होती.

पाचव्या दिवशी दुपारी पेटीजवळची नर्स जेवायला गेली. "दहा मिनिटं जरा नजर ठेवता का, मोठ्या सिस्टर?" असं म्हणून गेली. बाळ त्या दिवशी बरं होतं. हे नीट लक्षात घ्या, बरं होतं. पडद्यावरचे आकडे जागच्या जागी होते, सकाळी अर्धा चमचा दूधही नळीतून पोटात गेलं होतं. आजवर सिस्टरने पाणी घातलं ते जाणाऱ्या पोरांना. ही जात नव्हती. पण उद्या जायला लागली आणि आपण ड्यूटीवर नसलो तर, हे एकच तिच्या डोक्यात घण घालत होतं. तिने कपाट उघडलं, कुपी काढली, टोक मोडलं. पाच मिनिटं मुठीत धरायला वेळ नव्हता. वेळ होता खरं तर. पण चोरी करणाऱ्याला वेळ पुरत नाही. पेटीचं गोल दार उघडून तिने हात आत घातला आणि गारढोण पाण्याचे तीन थेंब त्या एवढ्याशा कपाळावर सोडले. तिन्ही नावं घेतली. तिसरं नाव ओठावर असतानाच बाळाची छाती हलायची थांबली.

एवढ्याशा बाळांच्या चेहऱ्याला गार लागलं की त्यांचा श्वास अडकू शकतो. हे सिस्टरला माहीत नव्हतं असं नाही. हे तीच शिकवायची. यंत्र ओरडायला लागलं. बाळ जांभळं, मग राखाडी पडलं. तिने तळपायाला टिचक्या मारल्या, पाठ चोळली, मग छोटा मास्क लावून पिशवीने श्वास दिला. हात चुकला नाही. दीड मिनिटाने छाती पुन्हा हलली. तोवर नर्स धावत आली होती, तोंडातला घास तसाच.

"काय झालं, सिस्टर?"

"थांबली होती. आली परत."

नर्सने टॉवेलच्या टोकाने बाळाचं ओलं कपाळ टिपलं, घाम समजून असेल किंवा काहीच न समजून. सिस्टरने केसपेपर ओढला आणि लिहिलं, 'श्वास आपोआप थांबला. उपचाराने पूर्ववत.' आपोआप. अक्षर नेहमीसारखं स्वच्छ आलं. ज्या पोरीने कसलंच पाप केलं नव्हतं तिचं पाप धुवायला आजीने स्वतःचं नवंकोरं पाप केलं, वर खोट्या नोंदीने ते झाकलं. आणि हे तिच्याकडून कोणी करवलं नव्हतं. कुठल्या जुन्या जोडप्यावर ढकलायची सोय नव्हती.

दोन दिवसांनी सकाळी बाळ गेलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरीणबाई मुलीला आणि जावयाला म्हणाल्या, "इतक्या लहान बाळांत हे होतं. कोणाचीही चूक नाही." सिस्टरने त्यांना नंतर बाहेर गाठलं.

"परवा श्वास थांबला होता, त्याने झालं असेल?"

"त्यानेही असेल. आधीच सुरू झालं असेल. आता ते कोण सांगणार?" डॉक्टरीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही तिथे होतात म्हणून दोन दिवस तरी जास्त मिळाले."

सिस्टर भांड्यांच्या खोलीत गेली, नळ पूर्ण सोडला आणि त्याखाली हात धरून उभी राहिली. रडू आलं नाही. रडायचा आपल्याला अधिकारच नाही, असं तिला वाटलं.

पुरताना फादरांनी छोटीशी प्रार्थना केली. मुलीने त्याला हरकत घेतली नाही, तिला बहुधा ती ऐकूच आली नाही. कबरस्तानाचं कुंपण कधीच पाडलेलं होतं, आत आणि बाहेर असं काही उरलंच नव्हतं. सिस्टर त्या सपाट जमिनीकडे बघत राहिली आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की हे सगळं कशासाठी केलं आपण?

त्याच संध्याकाळी ती पापनिवेदनाच्या जाळीपुढे गुडघे टेकून बसली आणि जसं घडलं तसं सगळं बोलली. कुपी, गार पाणी, 'आपोआप'.

"तुम्ही प्रेमापोटी केलंत," फादर जाळीपलीकडून म्हणाले.

"नाही, फादर. भीतीपोटी. प्रेमाने केलं असतं तर पाणी ऊन केलं असतं."

त्यांनी क्षमेचे शब्द उच्चारले. प्रायश्चित्त म्हणून आठवडाभर रोज एक प्रार्थना सांगितली, आणि केसपेपरवरचं खोटं डॉक्टरीणबाईंना सांगून दुरुस्त करा म्हणाले. सिस्टरला राग आला. "एवढंच?"

"पापमुक्ती मोलाने मिळत नाही, सिस्टर. ती फुकटच असते."

"आणि मुलीला?"

"सांगितलंत तर बरं, असं मला वाटतं. पण ते मी तुमच्यावर लादू शकत नाही. ते तुम्ही ठरवायचं."

म्हातारे फादर असते तर त्यांनी हुकूम केला असता, आणि हिने तो पाळला असता, रडत का होईना. मोकळीक म्हणजे काय चीज असते, ते सिस्टरला सत्तावन्नाव्या वर्षी त्या जाळीपुढे कळलं. दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या आधी पांढऱ्या पडल्या, मग म्हणाल्या, "उद्यापासून वॉर्डात येऊ नका. पुढचं वरचे लोक ठरवतील." सिस्टरने कपाटाची किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. ते त्या मानाने हलकं गेलं.

मुलीकडे जायला आणखी तीन दिवस लागले. रोज चप्पल घालायची आणि रोज काढायची. सांगून काय मिळणार, असं एक मन म्हणे. पोरीच्या जखमेवर मीठ चोळून स्वतःला हलकं करायचं, हीसुद्धा चोरीच. दुसरं मन काही बोलतच नसे, नुसतं बघत राही. चौथ्या दिवशी जावयाचाच फोन आला. "आई, तुम्ही या. ती जेवत नाही. दूध येतंय तिला, फार दुखतंय. तुम्हाला त्यातलं कळतं."

घरात टर्पेंटाइनचा वास होता. भिंतीला अर्धवट रंगवलेल्या पाट्या टेकून ठेवल्या होत्या. मुलगी स्टुलावर बसली होती, ब्लाउज पुढून भिजलेला. जावई म्हणाला, "मी पाव घेऊन येतो," आणि घराबाहेर पडायला कारण मिळालं म्हणून घाईने गेला. सिस्टरने गार पाण्याच्या घड्या केल्या, मुलीच्या छातीवर ठेवल्या आणि वरून सुती फडकं घट्ट बांधलं. हाताला काम होतं तोवर बरं होतं.

"मी शिडीवर चढायला नको होतं," मुलगी म्हणाली.

"शिडीने काही होत नाही. तुझं दुखणं आधीपासूनच सुरू झालेलं असणार."

"तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस." मुलगी समोरच्या पाटीकडे बघत होती. "आई, मला हसू नकोस. तुझं ते पटत नाही मला, पण डोक्यातून जात नाही. आईबापाचं पाप पोराला लागतं म्हणतात ना तुमच्यात? माझंच लागलं असेल तिला. मी हट्टाने नाही म्हणाले. आता तुझ्या हिशोबाने ती कुठे असेल?"

सिस्टरचे हात थांबले. आयुष्यभर जे उराशी धरून ठेवलं ते आता मुलीच्या घशात अडकलेलं तिला दिसलं. गप्प राहिलं तर मुलगी ते जन्मभर गिळत राहणार. सांगितलं तर पोर देवाजवळ सुखरूप आहे हेही त्यातच, आणि पोर कदाचित माझ्या हाताने गेली हेही त्यातच. एक काढून दुसरं ठेवता येण्यासारखं नव्हतं.

"तुझं काही लागलं नाही तिला," सिस्टर म्हणाली. "लागलं असेल तर माझं लागलं."

आणि तिने सांगितलं. सगळं सांगितलं, काही मऊ न करता. दीड मिनिट म्हणाली तेव्हा आवाज फुटला, तरी थांबली नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या तेही सांगितलं, की त्याने झालं असेल, नसेल, आता कोणालाच कळणार नाही.

पायाशी पडलेल्या एका ब्रशचे केस वाळून कडक झाले होते, ते मुलगी बोटाने मोडत होती.

"मी हो म्हटलं नसतं," ती शेवटी म्हणाली. "दहा वेळा विचारलं असतंस तरी."

"माहीत आहे. म्हणूनच पुन्हा विचारलं नाही."

"सात दिवसांत मी तिला एकदाच हात लावला. एक बोट. तू मात्र..."

सिस्टर स्टुलाजवळ खाली बसली. "मला माफ कर."

"तुझ्या फादरांनी केलं?"

"केलं."

"किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं."

मुलगी हसल्यासारखं काहीतरी करून थांबली. "माझ्याकडे दहा मिनिटांत नाही व्हायचं, आई. होईल असंही वाटत नाही. जा तू आता."

सिस्टर उठली. ओली फडकी पिळून दोरीवर टाकली, पिशवी घेतली. दारापर्यंत पोचली तेव्हा मागून आवाज आला, मुलगी पाठमोरीच होती.

"उद्या ये. उद्याही होणार नाही. पण ये."

ती दुसऱ्या दिवशी गेली. मुलगी एक शब्द बोलली नाही. सिस्टर तासभर बसली आणि घड्या बदलून परत आली. तिसऱ्या दिवशी ये असं कोणीच म्हटलं नव्हतं. सकाळी तिने चप्पल घातली, आणि ती गेली.